लाल चिंधीचा दांडा

इंजिन धडधडत होतं, पेडल तळाला टेकलं होतं, आणि गवत कापायची गाडी काही जागची हलेना. इस्पितळाच्या हिरवळीवर, भर सकाळी, माळीबुवांना घाम फुटला.

एरवी गाडी अडली म्हणून घाबरणाऱ्यांतले ते नव्हेत. पण गेल्या महिन्यात ते गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. तेव्हा बायको रडवेली होऊन म्हणाली होती, "अहो, त्या पात्यांच्या गाडीवर तुम्हाला कसं पाठवू?" आणि बुवा तोऱ्यात म्हणाले होते, "अगं, ज्या दिवशी गाडी विसरेन, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन."

त्यांनी इंजिन बंद केलं, खाली झोपून चाकं फिरवणारा पट्टा चाचपला. शाबूत होता. तेल पुरेसं, ब्रेक मोकळा. पट्टा पुन्हा चाचपला. हे आपण आधीच पाहिलंय, हे तिसऱ्यांदा हात लावल्यावर लक्षात आलं.

बायको इस्पितळाच्याच धुलाईघरात कामाला. खिडकीतून सगळं बघून ती हात पुसत आली. यंत्रातलं तिला ओ की ठो कळत नसे. "बसा बघू गाडीवर," म्हणाली आणि मागे जाऊन वाकली.

खट्.

"आता बघा. पट्टा बसला असेल नीट. तुमच्या हाताला गुणच आहे हो!"

गाडी चालली. पण तो आवाज बुवांनी झोपेतही ओळखला असता. मागचा दांडा बाहेर ओढला की चाकं मोकळी होतात, गाडी हाताने ढकलता येते. तो आत सारल्याशिवाय ती आपली आपण चालत नाही. नवे लोक हटकून विसरायचे. 'काखेत कळसा नि गावाला वळसा' म्हणून बुवा त्यांची टर उडवायचे. त्यांच्यासाठीच बुवांनी बायकोकडून दांड्याला लाल चिंधी बांधून घेतली होती. आज सकाळी शेडमधून गाडी ढकलत आणली होती ती बुवांनीच.

गवताची एक पट्टी सरळ कापून ते परत तिच्यापाशी आले. गाडी बंद करून त्यांनी किल्ली पुढे केली.

"अहो, हे काय! पट्टाच तर होता." खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"पट्ट्याला चिंधी कोण बांधतं गं?"

तिने हात पदराआड घेतला. बुवांनी तो ओढून काढला, तिची ओली बोटं एकेक करून उघडली आणि किल्ली आत ठेवली.