आपणहून गेलेला माणूस

"मान वर कर. नाहीतर ही गाठ अशीच वाकडी बसेल," झेल्मा नवऱ्याला म्हणाली.

लोवेल मेसिकने मान वर केली. टाय त्याचा नव्हता, त्याच्या मेव्हण्याचा होता. आसा टॉपिंगकडे आयुष्यात एकच टाय, लग्नाला तोच आणि मयतालाही तोच. आज तो चौकशीला निघाला होता.

"विचारतील तेवढंच सांग," झेल्मा म्हणाली. "पण खरं तेच सांग. माझा भाऊ गाढव होता, म्हणून पाय घालवून बसला, असं कागदावर राहता कामा नये. उद्या त्याची पोरं मोठी होतील."

"मी कधी खोटं बोललोय?"

"तेच तर. तुझ्या त्या खरेपणाचा आजवर या घराला दमडीचा उपयोग झाला नाही. आज तरी होऊ दे."

लोवेल हसला. अंड्याला हात न लावता कॉफी तेवढी प्यायला आणि निघाला. दलदलीतून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवताना त्याच्या मनात एकच वाक्य घोळत होतं. ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि आज ते जसंच्या तसं तीन माणसांपुढे ठेवायचं होतं.

त्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या उपसागरावर जगलेली. उन्हाळ्यात चिंबोऱ्या, थंडीत शिंपल्यांतली कालवं. पलीकडे सरकारची विमानांची प्रयोगशाळा उभी राहिली तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. बोगद्यात वारा सोडून त्यात खेळण्यातली विमानं टांगणाऱ्या त्या शिकलेल्या पोरांना गावाने नाव ठेवलं 'वाऱ्याचे वेडे'. पुढे कालवं कमी झाली, आणि हसणाऱ्यांतले निम्मे त्याच वेड्यांकडे पाना-हातोडी घेऊन कामाला लागले. लोवेल आणि आसा एकाच आठवड्यात लागले. लढाई झाली, संपली. दोघं तिथेच होते.

त्यांचं काम चाकांचं. विमान उतरताना ब्रेक लागतो तेव्हा चाकाचं काय होतं, हे जमिनीवरच पाहायचं. एक अवजड लोखंडी चाक विजेवर गरगर फिरवायचं, त्यावर विमानाचं चाक दाबायचं आणि ब्रेक मारायचा. ब्रेकचा ड्रम लालभडक व्हायचा, रबराचा वास कपड्यांतून आठवडाभर जात नसे. ड्रमला, रिमला, टायरला बारीक तारा डकवलेल्या असत. त्या वाळूच्या पोत्यांमागे ठेवलेल्या तबकड्यांपर्यंत यायच्या आणि तिथे काटा उष्णता दाखवायचा. चाक थांबलं की अर्धा तास कुणी जवळ जायचं नाही, हा नियम. आणि गेलंच तर समोरून जायचं, बाजूने कधीच नाही, कारण रिम फुटली तर बाजूला उडते.

नियम सगळ्यांना पाठ होता. अर्धा तासच का थांबायचं हे मात्र तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, ना मेकॅनिकांना, ना साहेबांना.

अपघाताच्या दिवशी वॉशिंग्टनहून पाहुणे यायचे होते. त्यांच्या आधी आणखी एक फेरी उरकावी, अशी थेयरची घाई. थेयर हा तिथला इंजिनियर. उत्तरेकडचा, सभ्य, आवाज न चढवणारा, नाताळाला प्रत्येक मेकॅनिकच्या घरी संत्र्यांची टोपली पाठवणारा. फेरी संपली, चाक थांबलं. ड्रमचा काटा खाली येऊ लागला. रिमचा काटा मेला होता. बहुतेक तार सुटली असावी.

"ड्रम उतरतोय," थेयर म्हणाला. "आसा, ती तार बघून ये जरा."

अर्धा तास व्हायचा होता. आसाने टोपी मागे सारली, लोवेलला डोळा मारला आणि गेला. तार बाजूला होती, म्हणून बाजूने गेला. लोवेललाही काही वावगं वाटलं नाही. आग उतरली की भीती उतरली, असंच सगळे समजत होते. पण चुलीवरून तवा उतरवला तरी दांडा मागाहून तापत जातो, तसं ड्रमची सगळी धग तेव्हा कुठे रिममध्ये आणि टायरमध्ये उतरत होती. आसा वाकला आणि चाक फुटलं. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली जागेवर राहिला नाही.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचा जग आणि तिघं जण. मधोमध कर्कंडॉल, टक्कल पडलेला, बोलायला गोड. कडेच्या खुर्चीवर थेयर. त्याचा चेहरा अपघातानंतरच्या दोन महिन्यांत उतरला होता. लोवेलला त्याची थोडी दयाही आली.

"मिस्टर मेसिक, तुम्ही कुठे उभे होता?"

"मिस्टर थेयरच्या डाव्या अंगाला. पोत्यांमागे."

"टॉपिंगना पुढे जायला कुणी सांगितलं?"

"मिस्टर थेयरनी." लोवेलने वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "'आसा, ती तार बघून ये जरा,' असं म्हणाले."

कर्कंडॉलने थेयरकडे पाहिलं. थेयर आपली नखं पाहत म्हणाला, "मला आठवत नाही. मेसिक खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. चांगला माणूस आहे तो. मला फक्त आठवत नाही."

लोवेलला शिवी परवडली असती. शिवीला उत्तर तरी देता येतं.

"मी ऐकलंय, साहेब," तो म्हणाला. "बायबलावर हात ठेवून सांगतो."

"त्याची गरज नाही," कर्कंडॉल हळुवार म्हणाला. "आप्ताबद्दल माया असते, आम्ही समजू शकतो. पण परवाच आम्ही टॉपिंगना भेटलो. ते स्वतः म्हणतात, कुणी सांगितलं नव्हतं. ते आपणहून गेले."

त्याने कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग डावीकडचा माणूस, ज्याचं नावही लोवेलला कळलं नव्हतं, म्हणाला, "मेसिक, मिस्टर थेयरशी तुझं काही वाकडं होतं का?"

लोवेल तिथून थेट आसाच्या घरी गेला. आसा ओसरीवर बसला होता, मांडीवर चिंबोऱ्यांचा जाळीचा पिंजरा घेऊन. पँटची एक बाजू दुमडून पिनेने टाचलेली होती. बायको ऑर्फा आत स्वयंपाकघरात होती.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"बस तरी."

"बसायला नाही आलो मी."

"मला उभं राहता येत नाही, बाबा. तूच बस, म्हणजे एका पातळीवर भांडता येईल."

लोवेल पायरीवर बसला. आसा पिंजऱ्याची तार पिळत राहिला.

"कर्कंडॉल आला होता," तो म्हणाला. "केक घेऊन आला होता. केक! ऑर्फाने तो कोंबड्यांना घातला. म्हणाला, चूक तुझी असेल तर प्रकरण इथेच मिटतं, टूलरूममध्ये बसून हत्यारं द्यायची जागा रिकामीच आहे. साहेबाची असेल तर वॉशिंग्टनला जाईल, वर्षं लागतील, आणि तोवर एका पायाच्या मेकॅनिकला ठेवायचं कुठे, हा प्रश्न."

"असं म्हणाला?"

"अशा शब्दांत थोडंच? ही माणसं अशा शब्दांत बोलली असती तर थोबाड तरी फोडता आलं असतं. कशी माया लावून म्हणाला! मग मी म्हटलं, हो साहेब, माझाच गाढवपणा."

"मला सांगायचं होतंस, आसा. एका शब्दाने सांगायचं होतंस. मी तिथे तुझ्यासाठी उभा राहिलो आणि खोटारडा ठरलो."

"सांगितलं असतं तर खोटं बोलला असतास?"

लोवेलने टायची गाठ सैल केली.

"बघ. तू म्हणजे चर्चचा खांब. वाकणार नाहीस, मोडशील. म्हणून नाही सांगितलं. म्हटलं, हा खरं बोलेल, मी खोटं बोलेन, आणि साहेबांना हवं तेच ते ऐकतील. तसंच झालं ना?"

"तुझं नाव गेलं. पोरं काय म्हणतील?"

"पोरं म्हणतील, भूक लागली." आसाने पिंजरा खाली आपटला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "नाव! एका पायाने होडीत उभं राहून कालवं ओढ म्हणावं त्या नावाला. मला खुर्ची हवी होती, लोवेल. तुला वाईट वाटतंय ते मला दिसतंय. पण तू खोटारडा ठरलास आणि तुझे दोन्ही पाय शाबूत आहेत. माझ्याशी करायची का अदलाबदल?"

 लोवेलने गळ्यातला टाय सोडला, कठड्यावर ठेवला आणि घरी आला.

घरी झेल्माने सगळं ऐकून घेतलं. सकाळी खऱ्याचा आग्रह धरणारी बाई संध्याकाळी म्हणाली, "मग तूही म्हणायचं होतंस ना, काही ऐकलं नाही म्हणून? भावाची जागा गेली असती म्हणजे?"

"सकाळी तूच—"

"सकाळी मला काय माहीत!"

महिन्याभरात लोवेलला चाकांवरून हलवून खोकी ठोकण्याच्या शेडमध्ये पाठवलं. शिक्षा म्हणून नव्हे, असं त्याला दोनदा सांगण्यात आलं. फोरमनची जागा त्याला मिळायची होती, ती दुसऱ्याला गेली. जुने सोबती जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशी हवापाण्याचं बोलत. साहेबावर बालंट घेणारा माणूस; आज साहेबावर, उद्या आपल्यावर.

पुढच्या वर्षी थेयरचा निबंध छापून आला. चाक थांबल्यावर रिम सर्वांत जास्त कधी तापते, हे त्यात पहिल्यांदा नीट मांडलेलं होतं. विमानतळांवर पाट्या लागल्या, उतरलेल्या विमानाच्या चाकांपासून दूर राहा म्हणून. त्यामुळे किती मेकॅनिकांचे पाय वाचले असतील, देव जाणे. लोवेल ते कधी नाकारत नसे. निबंधातल्या आलेखावर एकापुढे एक ठिपके होते, आणि त्यांतला सर्वांत वरचा ठिपका आसाच्या दिवसाचा होता. आलेखाखाली लिहिलं होतं की या फेरीत टायर निकामी झाला. टायरचाच उल्लेख होता.

लोवेल टूलरूमकडे जाणं टाळायचा. खोकी ठोकायला हातोडा आणि करवत पुरे, ती त्याची स्वतःची होती. पण एका शुक्रवारी शेडमधल्या बिजागऱ्यांसाठी पोलादात भोकं पाडायची निघाली आणि ड्रिलचं पातं हवं झालं. रांग होती. टूलरूमच्या जाळीच्या खिडकीतून प्रत्येक जण आपल्या नंबराचा पितळी बिल्ला आत द्यायचा, आतला माणूस हत्यार काढून द्यायचा आणि रिकाम्या खिळ्यावर बिल्ला अडकवायचा. आतला माणूस आसा होता. उंच स्टुलावर बसलेला, दाढी गुळगुळीत, कानामागे पेन्सिल. खिडकी छातीपासून वरच होती. बाहेरून पाहणाऱ्याला तो अगदी धडधाकट दिसत होता.

लोवेलच्या पुढे नुकताच भरती झालेला एक तरुण इंजिनियर होता. आसा स्टुलावरून उतरून कुबडीवर मागच्या कपाटाकडे गेला तशी त्याची नजर खाली गेली.

"लढाईत?" त्याने आदराने विचारलं.

"छे," आसा हसत म्हणाला. हसणं पाठ झालेलं होतं. "इथेच. चाकापाशी गेलो, वेळ व्हायच्या आधी. कुणी सांगितलं नव्हतं, नको तो शहाणपणा. माझाच गाढवपणा."

"कमाल आहे. नियम तर साधा आहे," तो तरुण म्हणाला आणि संभाषण चालू ठेवायचं म्हणून लोवेलकडे वळला. "तुम्ही होता का इथे तेव्हा?"

आसाचा हात कपाटातच थांबला. तो वळला नाही.

"होतो," लोवेल म्हणाला. "शेजारीच उभा होतो."

"आणि हे सरळ चालत गेले?"

टेबलामागच्या तिघांपुढे जे वाक्य त्याच्या तोंडून कुणालाही काढता आलं नसतं, ते आता कुणी मागितलंही नव्हतं. लोवेलने जाळीतून आसाच्या पाठीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "कुणी काही बोललं नव्हतं. आपणहून गेला."

तरुणाने मान हलवली, आपलं हत्यार घेतलं आणि निघून गेला. आसा खिडकीशी आला. दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. लोवेलने बिल्ला जाळीखालून सरकवला. आसाने पातं शोधलं, फडक्याने पुसलं, बोटाने धार पाहिली, पुन्हा एकदा पुसलं.

"आजच परत कर," तो म्हणाला, आणि लोवेलचा बिल्ला पात्याच्या रिकाम्या खिळ्याला अडकवला.