पाया नसलेली भिंत

“हाजी, नाटक सुरू होऊन किती वेळ झाला! आत कधी जाणार?”

चहावाल्या अब्बूदने हे तिसऱ्यांदा विचारलं. खुदैरने ग्लास बाकावर ठेवला.

“मी हाजी नाही. हजला अजून गेलेलो नाही.”

“जाल हो. आधी नाटकाला तरी जा.”

खुदैर हसला, पण उठला नाही. आमंत्रणाचं कार्ड सदऱ्याच्या खिशात होतं. समोर बसऱ्याच्या कला महाविद्यालयाचं नाट्यगृह होतं आणि उकाड्यामुळे त्याचं बाजूचं दार उघडं टाकलेलं होतं. आतले शब्द कळत नव्हते, नुसते आवाज कानावर येत होते.

आत त्याची मुलगी तीबा होती. नेपथ्य शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक अख्खं नाटक स्वतः उभं करावं लागे. कोणाकडे दिवे, कोणाकडे कपडे. तीबाच्या वाट्याला नाटकातलं घर आलं होतं. ते बांधायचं, खेळ संपेपर्यंत सांभाळायचं आणि शेवटी उतरवायचंही तिनेच. तिन्हींना गुण होते.

अमारा शहरात गवंडीकाम करून खुदैरचं आयुष्य गेलं होतं. मुलगी खोट्या भिंती बांधायला शिकते म्हणून शेजारी चेष्टा करत, तेव्हा तोही त्यांच्याबरोबर हसे. पण गेल्या आठवड्यात तिने फोनवर सगळं समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

“लाकडी चौकट, बाबा. त्यावर पातळ प्लायवूड, वर रंगवलेलं कापड. मागून तिरका टेकू आणि टेकूवर वाळूच्या पिशव्या.”

“आणि पाया?”

“पाया नसतो. दुसऱ्या दिवशी हलवायची असते ना!” मग तिने उत्साहाने सांगितलं होतं, “तिसऱ्या प्रवेशात घरची मुलगी भांडून निघून जाते. दार असं आपटते की बस्स! भिंत हलली तर लोक हसतील. माझे अर्धे गुण त्या दारावर आहेत.”

तीबा लहान असताना खुदैरने बांधलेली एका शाळेची भिंत पडली होती. सततच्या पावसाने खालची माती खचली. भिंतीखाली नाईम सापडला, त्याचाच मजूर. नाईमचा पाय गेला. खुदैरला कोणीच दोष दिला नाही, खुद्द नाईमनेही नाही. खुदैर त्यानंतरही भिंती बांधत राहिला, पण परांची काढायची वेळ आली की इमारतीच्या मागे जाऊन उभा राही. बघायचा नाही, फक्त ऐकायचा.

आतून एका मुलीचा चढलेला आवाज आला. मग म्हातारा ओरडला. मग पुन्हा मुलगी.

“आज गर्दी मात्र—” अब्बूद म्हणाला. खुदैरने हात वर करून त्याला थांबवलं.

धाडकन दार आपटलं.

खुदैर मान खाली घालून बसून राहिला. क्षणभर आतून काहीच ऐकू आलं नाही. मग म्हाताऱ्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, थकलेला, संथ. नाटक पुढे चाललं होतं. खुदैरने ग्लास उचलला. वाळल्या लिंबाचा तो चहा पार निवला होता, तरी त्याने संपवला.

टाळ्या वाजल्या, लोक बाहेर पडू लागले, तेव्हा कुठे तो त्यांच्यातून वाट काढत आत शिरला. तीबा रंगमंचावर होती. हातात स्क्रू काढायचं यंत्र, कपाळाला रंग.

“बाबा! कुठे बसला होतात? मी पहिल्या रांगेत शोधत होते.”

“गाडी उशिरा सुटली गं.”

तिचा चेहरा उतरला. “म्हणजे काहीच नाही पाहिलं?”

तेवढ्यात अब्बूद मुलांसाठी चहाचा ट्रे घेऊन आला. “गेलात एकदाचे आत! तुमचे वडील का हे? अगं, दुपारपासून माझ्या बाकावरून हलले नाहीत.”

तीबा वडिलांकडे बघत राहिली. खुदैर प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे बघत होता.

“दाराचा आवाज ऐकला मी,” तो म्हणाला.

“आणि?”

“आणि काही नाही. मग दुसरा आवाज आला नाही.”

लहानपणी आईबरोबर नाईमच्या घरी ती कितीदा भाकऱ्या पोचवायला गेली होती. दुसरा आवाज म्हणजे कसला, हे तिला कळलं. ती म्हणाली, “इकडे या. मागे. भिंत उतरवायचीय, धरायला कोणीतरी हवंच आहे.”

“बाहेरच्यांनी हात लावायचा नाही, तीबा,” विदाद मॅडम खालून म्हणाल्या. त्या गुण देणाऱ्या.

“मॅडम, हे माझे वडील. गवंडी आहेत.”

मॅडमनी चष्म्यावरून खुदैरकडे पाहिलं. मग टेबलावरचे हातमोजे उचलून पुढे केले. “हे घाला. आणि ती सांगेल तसंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही.”

खुदैरने आयुष्यात कधी हातमोजे घातले नव्हते. बोटं नीट बसायला वेळ लागला. तीबाने वाळूच्या पिशव्या बाजूला सारल्या.

“आता टेकू काढते. धरलंय?”

“थांब.” त्याने पाय फाकवून घट्ट रोवले, खांदा लावला. “हं. काढ.”

शेवटचा स्क्रू निघाला. एवढा जोर लावायची गरजच नव्हती. भिंत त्याच्या हातात हलकी, अगदीच हलकी आली. तो चकित होऊन भिंतीकडे बघत राहिला.

“बाबा, आता कडेवरून हात खाली खाली सरकवत मागे जायचं. घाई नाही.”

तो एकेक पाऊल मागे गेला. भिंत कलली, खाली आली आणि दोघांनी मिळून ती जमिनीवर टेकवली. खुदैर भिंतीशेजारी उकिडवा बसला. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या बारीक रेषेवरून त्याने हातमोज्यातलं बोट फिरवलं.

“ही भेग कशाला काढलीस?”

“घर जुनं आहे ना त्यांचं.”

त्याने मान हलवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठला.

“आता दुसरी भिंत कुठली?” त्याने विचारलं.