नळीतली साखर गेली कुठे?

धर्मशाळेचा हॉल खच्चून भरला होता, आणि गर्दी भाबड्या माणसांची नव्हती. परभणी जिल्ह्यातल्या नर्सा, कंपाउंडर, आरोग्यसेवक असे साठ-सत्तर जण मधुमेहाच्या उजळणी वर्गासाठी पूर्ण्याला जमले होते. साल १९७६. सकाळी शिकवून डॉक्टर परभणीला परतले आणि दुपारी त्यांच्या खुर्चीत श्वेतानंद महाराज येऊन बसले.

"बघा! निळीची निळी!" महाराजांनी काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावरून उचलून उंच धरली. "साखर दिसायली का कुठं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कारण नळीतली हीच लघवी सकाळी सर्वांदेखत तपासली होती. निळ्या औषधात आठ थेंब टाकून उकळताच औषध विटकरी लाल झालं होतं. म्हणजे साखर भरपूर. आता महाराजांनी तेच औषध, तेच थेंब घेतले होते, फक्त उकळण्याआधी वरून डबीतलं पांढरं 'हिमभस्म' दोन-तीन चिमट्या टाकलं होतं. तेव्हा नळीत फसफसून फेस आला होता.

"मघाशी ऐकलं ना? साखर तडफडायली होती! जे नळीत झालं, तेच पोटात होणार. एकवीस दिवस भस्म घ्या अन् सुई नदीत फेका!"

मागच्या बाकावर बसलेल्या सत्यशीलानं मात्र टाळी वाजवली नाही. ती सोनपेठजवळच्या एका खेड्यातली नर्स. लघवी तिच्याच पेशंटची होती. सगुणाबाईला ती वर्गात दाखवायला घेऊन आली होती. वर्षभर रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून ती तिला इन्सुलिन टोचत होती. आता सगुणाबाई महाराजांच्या पायाशी बसून डोळे पुसत होती.

"बाई, सुटले बगा मी. आता सुई न्हाई ना?"

सुई बंद केली तर ही बाई पंधरा दिवस तरी काढेल का? सत्यशीला उठून टेबलाशी गेली.

"महाराज, भस्म मी टाकून बघू?"

"बाईचा हात लागला की भस्माचं तेज जातं."

"मग एखाद्या कंपाउंडरला टाकू द्या."

महाराजांनी डबीचं झाकण लावलं. "ज्याच्या मनात शंका, त्याच्या अंगात साखर!"

लोक हसले. वर्ग भरवणारे आणि महाराजांना बोलावणारे पर्यवेक्षक दिनकरराव मात्र रागावले. "सिस्टर, जागेवर बसा. मी स्वतः दोन महिने भस्म घेतोय. मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात. काही झालं का मला?"

ते लंगडत चालत होते. पायाला पट्टी होती. खिळा लागलाय, असं ते सकाळपासून सांगत होते. साखर वाढली की पायाची जखम चिघळते; सत्यशीलानं त्या पट्टीकडे पाहिलं आणि तिचा संशय आणखी घट्ट झाला.

टेबलावर भस्माचे चार कण सांडले होते. तिनं ते बोटानं टिपून जिभेला लावले. आंबट! दात आंबले. सरबतात घालतात ते लिंबूसत्व!

सकाळी डॉक्टर काय म्हणाले होते? निळ्या औषधात सोडा असतो. त्यात आंबट पडलं तर सोडा मरतो आणि साखर असूनही रंग पालटत नाही, म्हणून नळ्या स्वच्छ ठेवा. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं.

चहाची सुट्टी झाली. महाराज हार घालून घेत होते. सत्यशीला समोरच्या किराणा दुकानातून दोन पुड्या आणि ग्लुकोजचा डबा घेऊन आली.

"साहेब, दहा मिनिटं द्या. माझी तपासणी कच्ची आहे, सगळ्यांसमोर शिकते."

दिनकररावांना नाही म्हणता येईना. तिनं कपात पाणी घेऊन त्यात ग्लुकोजची पावडर ढवळली. त्याचे थेंब निळ्या औषधात टाकून उकळले, तर लाल रंग आला. मग दुसरी नळी घेतली, तेच थेंब टाकले आणि वरून पहिल्या पुडीतलं लिंबूसत्व सोडलं. फसफस फेस आला. नळी उकळली तरी निळीच.

तिनं पुडी उंच धरली.

"ही भस्माची नाही, वाण्याची पुडी. साखर मी तुमच्यादेखत घातली. ती गेली कुठे?"

तिनं महाराजांनी उकळलेली नळी उचलली.

"नळी ठेव!" महाराज ओरडले. "शाप लागेल!"

"लागू द्या." तिनं दुसऱ्या पुडीतला धुण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत नळीत घातला आणि नळी दिव्यावर धरली. निळा रंग हिरवट झाला, मग पिवळा. बघता बघता विटकरी लाल गाळ तळाशी बसू लागला. "साखर कुठंच गेली नव्हती. भस्मानं साखर मारली नाही, तपासणी मारली."

मागचे कंपाउंडर पुढं सरसावले. "महाराज, डबी द्या हिकडं!" महाराजांनी डबी धोतरात खोचली आणि मोतीबाग एक्स्प्रेस चुकेल म्हणत दाराकडं वळले. तशी गाडी पूर्ण्यावरून जातच नाही, हे तिथल्या दोघा-तिघांना ठाऊक होतं. त्यांनी दार अडवून डबी काढून घेतली, मगच महाराजांना सोडलं.

सगुणाबाई मात्र रागानं रडत होती. "तुमी कशाला केलं असं? घडीभर लय बरं वाटलं होतं मला."

सत्यशीला तिच्याजवळ खाली बसली. "मावशी, मलाही तुम्हाला सुई टोचायची हौस नाही. पण सुई बंद झाली असती तर तुम्ही मेला असता, आणि महाराज तोवर दुसऱ्या गावी असते."

सगुणाबाई पदरानं नाक पुसून म्हणाली, "उद्या सकाळी येते टोचून घ्यायला."

सगळे पांगल्यावर दिनकरराव स्वतःच्या लघवीची बाटली घेऊन आले. नजर खाली. तिनं तपासली. लाल. पट्टी सोडली तर अंगठा काळा पडला होता आणि वास येत होता.

"दुखत नव्हतं," ते पुटपुटले. "म्हणून वाटलं, बरं होतंय." साखरेनं पायाची जाणीवच गेली होती.

त्याच संध्याकाळच्या एस.टी.नं त्यांना परभणीला नेलं. अंगठा गेला, पाय वाचला.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी सत्यशीलाला बोलायला उभं केलं. ती फार बोलली नाही.

"आपण शिकलेली माणसं. सोड्याचं आपण त्या दिवशी सकाळी वहीत लिहिलं आणि दुपारी टाळ्या वाजवल्या. गावात लोक आपल्या तोंडाकडं बघतात. आपण मान डोलावली की ते औषध सोडतात. म्हणून कुणीही चमत्कार दाखवला तर एवढंच म्हणा, वस्तू आमच्या हातात द्या, आम्ही करून बघतो. खरं असेल तर आपल्या हातानंही होईल."