सोजरबाईच्या रक्ताची बशी

१९७८ साली वळसंगच्या सोजरबाईचं रक्त फार कमी झालं, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टर हत्तुऱ्यांनी तिच्या कंबरेच्या हाडातला मगज तपासायला काढला. उरलेला थेंब त्यांनी तिला विचारून काचेच्या बशीत ठेवला.

"यातल्या पेशी रक्त बनवतात. त्या अंगाबाहेर वाढतात का, बघायचंय," ते म्हणाले.

गोळ्यांनी सोजरबाई सुधारू लागली, पण बशी काही तिच्या डोक्यातून जाईना. दहाव्या दिवशी ती एसटीनं हत्तुऱ्यांच्या प्रयोगशाळेत हजर झाली.

सूक्ष्मदर्शकात तिला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग फिकट ठिपक्यांचे पुंजके दिसले.

"ही माजीच व्हय? खात्यात काय?"

"घोड्याच्या रक्ताचं पाणी."

"अगं बया! आन् दुसऱ्याच्या अंगात घातली तर रुजतील?"

"तेच शोधायचंय. पण एवढ्यानं भागणार नाही, आणि चार दिवसांत याही मरतील."

मगज काढतानाची सुई लई दुखली होती. तरी सोजरबाई म्हणाली, "मग आनखी एक थेंब काढा की. पर ह्या बारीला मला रोज बघू द्या."

"आधी अंगात रक्त भरू द्या. महिन्यानं या," हत्तुरे हसून म्हणाले.

महिन्यानं ती आली, ती आठ दिवसांच्या भाकरी बांधूनच.