कॅरिअरवरचं मेणकापड

मी एक मेणकापड बोलतोय. एका बाजूनं रबर, दुसऱ्या बाजूनं जाड सुती कापड, रंग वीटकरी. दिसायला काही खास नाही. पण घरात तान्हं मूल असेल तर माझी थोरवी वेगळी सांगावी लागत नाही.

नव्या पेठेतल्या दुकानातून हेमावतीबाईंनी मला आणलं. बाई शिक्षिका. घर बाळीवेशीत, शाळा पार होटगी रस्त्याला. "रबरानं बाळाच्या अंगावर पुरळ नाही ना उठणार?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. तो नाही म्हणाला. "नक्की ना?" तो नक्की म्हणाला. तेव्हा कुठं मी पिशवीत पडलो. घरी गेल्यावर तेच त्यांनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाई म्हणजे काशम्मा; बाई त्यांना अत्ती म्हणत. बाळाला दिवसभर त्याच सांभाळत. मोठ्या सुट्टीत बाई सायकल दामटत घरी येत, बाळाला पाजत आणि तशाच परत जात. सायकल होती म्हणून नोकरी होती.

यंदा पाऊस मनापासून पडला. दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे पावसाला नावं ठेवायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. सगळं खापर फुटे ते सायकलवर. ओल्या अंगानं पाजलं की लेकराच्या छातीत कफ धरतो, हे काशम्मांचं ठाम मत.

"हेमा, पुन्ना अशी निथळत आलीस तर सायकल वळसंगला धाडते बघ. माझ्या भाच्याला, ईरप्पाला, शेताकडं जायला हुईल."

"अत्ती, मग नोकरी?"

"ते मी काय सांगू? शिकलेली तू हाईस की."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं. बाईंनी आभाळाकडं पाहिलं, बाळाकडं पाहिलं. बाळ नुकतंच दुपटं भिजवून गाढ झोपलेलं. आता काही हा लवकर करत नाही, असा हिशेब मांडून त्यांनी मला हळूच खालून ओढलं, कोरडी साडी-पोलकं माझ्यात गुंडाळलं आणि कॅरिअरला सुतळीनं आवळलं. वाटभर त्यांचा एक हात मागं. मी आहे ना, हे बघायला.

सुट्टीत व्हायचं तेच झालं. धो धो पाऊस. बाई नखशिखांत भिजल्या, पण मी थेंब आत येऊ दिला नाही. परसदारी न्हाणीत त्यांनी साडी बदलली आणि पदर सारखा करत ऐटीत घरात शिरल्या.

"अत्ती, बघा, कोरडी आहे मी."

काशम्मा बाळाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. लुगडं मांडीपासून ओलं. मागं दोरीवर गोधडी, दुपटी आणि त्यांची ठेवणीतली चादर.

"तू कोरडी व्हय? मग मी कशी हाय ते बी बघ की."

बाईंची नजर दोरीवरच्या चादरीकडं गेली.

"आन् येणीतनं पाणी गळतंय ते? डोस्कं काय शाळंत ठिवून आलीस?"

बाई पाटावर बसल्या. "द्या धाडून सायकल," एवढंच म्हणाल्या.

काशम्मांनी पंचा घेऊन सुनेचं डोकं खसाखसा पुसलं, बाळ मांडीवर दिलं. बाळ चुटूचुटू प्यायला लागलं. मग त्यांनी मला उचललं, आतून हात फिरवून पाहिला. "सुईच्या टोकाएवढं बी आत गेलं न्हाय की," स्वतःशीच पुटपुटल्या आणि कात्री घेऊन आल्या.

त्यांनी एका दमात मला मधोमध कापलं.

"ह्ये लेकराचं. ह्ये तुजं. आन् आत एक पंचा घालत जा, डोस्क्याला."

सायकल वळसंगला गेली नाही. मी मात्र तेव्हापासून दोन झालो. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच दोरीवर सावलीत वाळतो. परवा सकाळच्या घाईत बाईंनी भलताच तुकडा बांधून नेला. शाळेच्या फाटकाशीच पावसानं गाठलं, साडी बदलली, तर तिला बाळाचा वास. सुट्टीची घंटा होईपर्यंत बाईंचं फळ्याकडं लक्ष नव्हतं, पण तोंडावर हसू होतं.

म्हणून एक विनंती. मला धुवा, उन्हात टाकू नका, रबर तडकतं. आणि साबण जरा बेतानंच लावा.