रत्नदीपचं पुण्यानुमोदन

बौद्ध घरात माणूस गेला, की काही दिवसांनी पुण्यानुमोदन करतात. पांढऱ्या कपड्यांत लोक जमतात, वंदना होते, मग गेलेल्या माणसाला ओळखणारा जो तो उभा राहून त्याच्याविषयी चार शब्द बोलतो, आणि शेवटी जेवण होतं. नालवाडीच्या अन्नपूर्णेनं मात्र आपल्या मुलाचं, रत्नदीपचं, पुण्यानुमोदन सात वर्षं केलं नव्हतं. देह आला नाही, तारीख कळली नाही, आईचं मन मानत नसेल, अशी वस्तीनं आपली समजूत करून घेतली होती. त्यामुळे २००३च्या मार्चमध्ये ती स्वतःच विहारात गेली आणि कार्यक्रमासाठी रविवारचा दिवस मागून आली, तेव्हा शेजारणींना हलकं वाटलं. बाई एकदाची मोकळी होते आहे, असं त्या म्हणाल्या. अन्नपूर्णेनं त्यांना तसं म्हणू दिलं.

रत्नदीप गेला होता आफ्रिकेत. सैन्यभरतीत दोनदा छाती कमी भरली म्हणून परत आला, आणि घरी तोंड दाखवायची लाज वाटू लागली, तेव्हा वर्ध्यातल्या हार्डवेअरवाल्यांचा भूपेंद्र त्याला भेटला. सिएरा लिओन नावाच्या देशात हिऱ्यांच्या खाणीवर पहारा करायचा, गेटवर उभं राहायचं, डॉलरमध्ये पगार, असं त्यानं सांगितलं. रोहणा गावचा श्रावणही त्याच खेपेला गेला. वर्ष उलटायच्या आत, त्यांच्यासोबत गेलेला भूपेंद्र एकटाच परत आला. रत्नदीपच्या कपड्यांची पिशवी अन्नपूर्णेच्या हातात देऊन तो म्हणाला होता, मलेरिया झाला, फार धावपळ केली, तिथेच माती द्यावी लागली. ती त्याच्यासमोर रडली होती. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. पुढे सगळं कळल्यावर तिला सर्वांत जास्त खुपला तो हाच हात.

कळलं ते श्रावणकडून. तो पुष्कळ हाल सोसून, एका पायानं लंगडत गावी परतला, आणि नंतर कितीतरी वर्षं संत्र्याच्या बागेबाहेर पडला नाही. तिकडे तू हातात बंदूक धरली आहेस, तोंड उघडलंस तर पोलीस तुलाच नेतील, असं भूपेंद्रनं त्याला बजावलं होतं. पण भूपेंद्र पुन्हा पोरं गोळा करतो आहे असं त्याच्या कानावर आलं, तेव्हा एका दुपारी तो नालवाडीत येऊन अन्नपूर्णेच्या ओट्यावर बसला.

तिला आधी देशच माहीत नव्हता. भावाची मुलगी मयुरी हिनं शाळेचा नकाशा आणून दाखवला. आफ्रिकेच्या पश्चिम कडेला, समुद्राला चिकटून, करंगळीच्या नखाएवढा तो देश होता. श्रावण सांगत गेला. तिथं बंडखोर आणि सरकार यांची लढाई जुंपली होती आणि सरकारचे स्वतःचे शिपाईही लोकांना लुटत होते. मग सरकारनं परदेशातून भाडोत्री सैनिक आणले. आपल्या देशाचं सैन्य सोडून, जो पैसे देईल त्याच्यासाठी लढणारी ही माणसं. त्यांची कंपनी असते, साहेब असतात, हेलिकॉप्टरं असतात. ते आले तेव्हा गावं रस्त्यावर येऊन नाचली होती, कारण बंडखोर खरंच पळाले. काही महिने शाळाही भरल्या.

"मग वाईट काय झालं?" अन्नपूर्णेनं विचारलं होतं.

"मावशी, असं समज, कोणाची संत्र्याची बाग हाये," श्रावण म्हणाला. "चोर येऊन राह्यले म्हणून त्यानं बाहेरून जागलीले माणसं बोलावले. द्यायले पैसा नाई, तं म्हणे, अर्धी बाग तुम्हीच तोडून घ्या. आता त्या जागल्यांले चोर कायमचे गेलेले परवडते का? आन् मालकाची पोरं बागेत आली तं ते त्यांलेच हाकलते."

तसंच झालं होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून कंपनीला खाणी मिळाल्या. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या वाळू चाळून पोट भरणाऱ्या लोकांना तिथून उठवायचं काम रत्नदीप आणि श्रावणकडे आलं. गेटवरचे पहारेकरी महिन्याभरात बंदूकवाले झाले. रत्नदीप बंदूक उलटी टांगून नदीवर जाई आणि लोकांना हाकलण्याऐवजी त्यांच्या पोरांना पाण्यात हात मारायला शिकवी. म्हणून साहेबाच्या शिव्या खाई.

मग एका सकाळी बंडखोरांनी खाणीवर हल्ला केला. रत्नदीपच्या मांडीत गोळी शिरली. कंपनीचं हेलिकॉप्टर आलं. साहेब चढले, पेट्या चढल्या, साहेबांचा दुभाषा आणि कोठार सांभाळणारा म्हणून भूपेंद्र चढला. श्रावणनं रत्नदीपला पाठीवर आणून दारापाशी टेकवलं. आतल्या गोऱ्या साहेबानं विचारलं, हा जिवंत आहे का. रत्नदीप डोळे उघडे ठेवून भूपेंद्रकडे बघत होता.

"भूपेंद्र म्हणाला, डेड," श्रावण सांगत होता. "तेवढं इंग्रजी मलेही समजते, मावशी. दार लागलं. रत्नदीप संध्याकाळपर्यंत होता. मी त्याले झाडीत ओढून नेलतं. पाणी मांगे."

त्या दिवसापासून अन्नपूर्णेचं रडणं थांबलं. ती विहारात जाई, पंचशील म्हणे, आणि प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं पहिलं शील म्हणताना भूपेंद्रची मान डोळ्यांसमोर आणी. तिचा भाऊ प्रेमदास महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेला, अजून पोलादासारखा. तो म्हणाला, बाई, तू फक्त सांग, त्याचे दोन्ही पाय मोडतो. ती नको म्हणाली. पण का नको, ते त्या वेळी तिलाही नीट ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं, की तेवढ्यानं तिचं पोट भरणार नाही.

आणि त्यातच हे संकट प्रेमदासच्याच घरापर्यंत आलं. त्याचा मुलगा प्रफुल भूपेंद्रकडे पासपोर्ट देऊन आला. या वेळी आफ्रिकेतलाच दुसरा देश होता, कंपनीचं नाव नवं होतं, आणि काम तेच, गेटवर उभं राहायचं. वस्तीतली आणखी पाच-सहा पोरं त्याच्या मागे होती. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी मुंबईची गाडी. प्रेमदासनं आदळआपट केली, श्रावणला पुढे उभं केलं. प्रफुल ऐकेना. श्रावण दारू पितो, त्याचं काय खरं मानायचं, असं तो म्हणाला. आत्याला दुःखानं भ्रम झाला आहे, हे तोंडानं म्हणाला नाही, पण तिला ते दिसलं.

तिनं त्याला रागावलं नाही. जवळ बसवून, भूपेंद्र काय काय सांगतो, ते शांतपणे विचारून घेतलं. प्रफुल खुलला. कंपनी आपल्या माणसाला कधी मागे ठेवत नाही, तो सांगू लागला. रत्नदीपदादा होता त्या खाणीवर एकदा हल्ला झाला, तर अर्ध्या तासात हेलिकॉप्टर हजर. भूपेंद्रभाऊ स्वतः त्यातून सकाळीच सुखरूप निघाले. असं त्यांनी सगळ्या पोरांसमोर सांगितलं आहे.

अन्नपूर्णेनं मनाशी जुळवून पाहिलं. भूपेंद्रकडे आईला सांगायची एक गोष्ट होती आणि पोरांना सांगायची दुसरी. दोन्ही ऐकणारे आजवर एका खोलीत आले नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती विहारात जाऊन रविवार मागून आली, आणि तिथून सरळ भूपेंद्रच्या ऑफिसात गेली. माझ्या पोराला शेवटचं तुम्हीच पाहिलंत, तुम्ही आल्याशिवाय कार्यक्रमाला अर्थ नाही, असं हात जोडून म्हणाली. वस्तीतली सगळी जवान पोरं असतील, हेही सांगितलं. भूपेंद्रला दुसरी गोष्ट विशेष आवडली. तेरवीला जातात तसं जायचं, फोटोला हार घालायचा, जेवून निघायचं, असा त्याचा हिशेब. जेवण किती वाजता आहे, तेवढंच त्यानं विचारलं.

रविवारी विहार भरून गेला. भंतेजींनी वंदना घेतली. मेणबत्त्या लागल्या, रत्नदीपच्या फोटोला फुलं वाहिली गेली. मग एकेक जण उठून बोलू लागला. शाळेतले गुरुजी बोलले, कबड्डीतले सोबती बोलले. भूपेंद्र पुढच्या खुर्चीत घड्याळ बघत होता, तोच अन्नपूर्णा उठली आणि म्हणाली, आता रत्नदीपच्या शेवटच्या घडीचे साक्षीदार बोलतील. सगळ्यांच्या नजरा वळल्या. भूपेंद्रला उठावं लागलं.

बोलण्यात तो पटाईत. सुरुवात अडखळत केली, पण समोर आईचे डोळे आणि मागे पोरांची रांग बघून त्याला रंग चढला. रत्नदीप वाघ होता, तो म्हणाला. खाणीवर हल्ला झाला तेव्हा पहिला पुढे झाला तो. मलेरियाचं मी आईला सांगितलं ते आईचं काळीज जपण्यासाठी, आज खरं सांगतो. बायांनी पदर डोळ्यांना लावला. भूपेंद्रचाही आवाज भरून आला.

"त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं," तो म्हणाला. "दिवस मावळेपर्यंत मी जागचा हललो नाही. माझ्याच हातून शेवटचं पाणी प्याला."

अन्नपूर्णेनं प्रफुलकडे बघितलं.

प्रफुल मागच्या रांगेत बसला होता. त्याच्या कपाळावर आठी आली. शेजारच्या पोरानं त्याला कोपर मारलं आणि कानात काहीतरी सांगितलं. मग प्रफुल उभा राहिला. त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, खरोखरीचा गोंधळ होता.

"भाऊ, तुम्ही तं सकाळीच हेलिकॉप्टरनं निघालते ना? आम्हाले तसंच सांगतलं तुम्ही."

भूपेंद्र हसला, ते वेगळं, तो दुसरा हल्ला, असं काहीतरी म्हणू लागला. मागून दुसरं पोरगं म्हणालं, दुसरा कसा, हाच तर सांगितला होता. तेव्हा अन्नपूर्णा दोन पावलं पुढे गेली.

"भूपेंद्रभाऊ, एकच सांगा. हेलिकॉप्टर उडालं तवा माझा रत्नदीप जिता होता का?"

"बाई, तिथली परिस्थिती तुम्हाला..."

"जिता होता का?"

दाराशी श्रावण उभा होता. तो लंगडत आत आला, आणि भूपेंद्रसमोर उभा राहिला. भूपेंद्रनं त्याला बघितलं.

"जागा नव्हती," तो म्हणाला. "कोणालातरी मागे राहावंच लागलं असतं."

हे वाक्य भरल्या विहारानं ऐकलं. प्रफुल खाली बसला. प्रेमदास बाह्या सारत पुढे झाला, त्याच्यामागे चार-पाच जण. अन्नपूर्णेनं हात आडवा केला.

"हात नोका लावू," ती म्हणाली. "आज माराल तं उद्या हा दवाखान्यात पडून बिचारा होईल. लोकं संत्री घेऊन याले भेटाले जातील. मले हा धडधाकट पायजे. पोरांचे पासपोर्ट घ्या त्याच्याकडून."

पासपोर्ट बाहेर जीपमध्ये, त्याच्या बॅगेत होते. ते एकेक करून परत आले. मग अन्नपूर्णेनं पंगत बसवली आणि भूपेंद्रला मधोमध बसवलं. पाहुण्याला उपाशी जाऊ द्यायचं नसतं, असं म्हणून तिनं स्वतः त्याच्या पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी वाढली. तो घास गिळत होता आणि ती वाढत होती. दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपापल्या पत्रावळी थोड्या सरकवून घेतल्या.

बाहेर आल्यावर प्रफुलनं तिचे पाय धरले. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण तिचं लक्ष रस्त्यावर, जाणाऱ्या जीपच्या धुळीकडे होतं.

वस्तीला वाटलं, झालं, संपलं. तिला तसं वाटलं नाही. एप्रिलमध्ये भूपेंद्रनं सिंदी मेघेत पोरं बोलावली. तो बोलायला उठला, तर पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात अन्नपूर्णा बसलेली. तिनं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग उठून पोरांकडे वळली आणि नालवाडीत काय झालं ते सांगितलं. पुढे आर्वी, मग पुलगाव, मग देवळी. ज्या पोरांचे पासपोर्ट परत मिळाले होते तेच तिला बातमी आणून देत, आणि प्रफुल तिला मोटारसायकलवर सोडी. पुढे पुढे तिला बोलावंही लागेना. ती दारातून आत आली, की भूपेंद्र बोलता बोलता थांबून कागद आवरू लागे, आणि ते बघूनच पोरं उठून जात. देवळीला तो तिच्यामागे रस्त्यापर्यंत आला होता.

"आणखी काय पाहिजे तुम्हाला? सगळ्यांसमोर नाक घासू का?"

"नाई," ती म्हणाली. "तुमी आपलं काम करा. मी आपलं करून राह्यली."

पावसाळ्याच्या तोंडी भंतेजींनी तिला बोलावून घेतलं. चांगला माणूस, मायेनं बोलले. त्या पोरांना तू वाचवलंस, हे मोठं पुण्य झालं. आता मनातली गाठ सोड, नाहीतर ती तुलाच जाळेल, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. अन्नपूर्णेनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांचं सगळं खरं होतं, हे तिला पटलंही. आणि गाठ तिच्या छातीत जिथल्या तिथे होती, गरम, आपली वाटणारी, रत्नदीप गेल्यापासून तिला मिळालेली एकुलती एक ऊब.

तिनं वाकून नमस्कार केला. बाहेर पायरीवर प्रफुल वाट बघत होता. भूपेंद्रनं आता हिंगणघाटला खोली घेतली आहे, तो म्हणाला. गाडी पंक्चर आहे, दोन-तीन दिवस थांबावं लागेल.

"थांबाचं काऊन?" चपला घालता घालता ती म्हणाली. "एसटी किती वाजता हाये, ते पाह्य."