बोटभर कापड

"काका, जग बुडायचं राहून गेलं का हो?"

विचारलं एकदाचं. दुकानाबाहेर मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. हल्ली मी पैजेला मागे हटत नाही.

शिंपीकाका उन्हाळ्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मोबाइलवरचा तो दाढीवाला भविष्यवाला दाखवायचे. गणपतीनंतरच्या रविवारी सगळं खलास म्हणे. रविवार आला तसा गेला. सोमवारी आमची गणिताची चाचणीसुद्धा झाली.

"राहिलं खरं," काका म्हणाले. "तू का आलीस?"

मी गणवेश पुढे केला. "दंडात रुततोय. ढिला करून द्या."

वाढत्या पोरांच्या कपड्यात ते शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं ठेवत. दरवर्षी तेवढं उसवलं की काम भागायचं. त्यांनी गणवेश उलटा केला. आत कापडच नव्हतं.

"यंदा सगळ्यांचं कापून टाकलं," ते म्हणाले. "म्हटलं, आता कुणाला वाढायचंय?"

मला हसू आलं आणि तिथेच अडकलं. "पण तुम्हाला खरं कसं वाटलं, काका?"

"बरं वाटायचं गं ऐकायला. सगळ्यांचं एकदम संपणार म्हणे." त्यांनी गणवेशाची घडी घातली. "तुझी काकू गेली तेव्हा समोरच्या दुकानदारानं अर्धं शटरसुद्धा ओढलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझे बाबा दारात. पँट झाली का?"

शिवणयंत्रावर एकही कपडा नव्हता. बाहेर मैत्रिणी विचारत होत्या, "काय म्हणाला गं येडा?" मी पैज जिंकले होते. गणवेश बगलेत मारला आणि त्यांच्यामधून सरळ घरी निघाले.

घरी आई म्हणाली, "उद्या चौकातल्या नव्या शिंप्याकडे माप देऊन ये. सगळे तिकडेच चाललेत."

"त्या येडपटानं अख्ख्या शाळेचं कापड वाया घालवलं," बाबा म्हणाले.

"बाबा, काकू गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही पँट मागायला गेला होतात?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. "लग्नाला जायचं होतं," आई हळूच म्हणाली.

मी तो गणवेश तिथेच अंगात चढवला. हात खांद्याच्या वर जाईना.

"मी कुठेही माप देणार नाही," मी म्हणाले. "वर्षभर हाच घालणार."

"फाटेल," आई म्हणाली.

"फाटू दे. काकांकडेच नेईन शिवायला."